अनुभवाचा दाखला

संस्थेच्या कार्यालयाला माझा अनुभव हवा आहे,
तीन प्रतींत, गोल शिक्क्यासह.
विषय भूगोल. नेमणूक तासिका तत्त्वावर.
वर्षं अकरा,
त्यातून मे महिना आणि दिवाळी वजा.

तासिका पस्तीस मिनिटांची.
भरती रोज अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा येते.
एका वेळापत्रकात ही दोन्ही बसवणं,
खरं म्हणजे हेच माझं काम होतं.
त्याला रकाना नाही.

पहिल्या वर्षी फळ्यावर लिहिलं :
कोकणचा किनारा दंतुर आहे. कारणे द्या.
दंतुर म्हणजे काय, असं विचारल्यावर
गौरांग तारीने ओठ मागे ओढून
नुकता पडलेला दात दाखवला, म्हणजे दाताची जागा,
आणि म्हणाला, हयसर खाडी.
मी खडू ठेवला
आणि चपला घातल्या.

हेडसर म्हणाले, सहल वर्षातून एकदाच.
सहल नाही सर, तास आहे.
तासाला छप्पर लागतं, असं काही ते म्हणाले नाहीत,
फक्त पालकांच्या सह्यांचा गठ्ठा मागितला
आणि माझ्याच अक्षरात लिहून घेतलं,
जबाबदारी माझी.

तिसऱ्या वर्षी, शनिवारची सकाळची शाळा,
सतरा मुलं घेऊन खडपावर गेले.
कालवं, शेवाळ, खळग्यात अडकलेला
नखाएवढा खेकडा, त्यावरून भांडण.
ओहोटीची वेळ मोबाइलमध्ये पाहून ठेवली होती.
वेळ मुंबईची होती.

आम्ही समुद्राकडे बघत होतो
आणि पाणी पाठीमागच्या घळीतून आलं,
उशीर झालेलं पोर मागच्या दाराने
वर्गात शिरतं तसं.
मैथिली मोजत राहिली : घोट्याएवढं. आता पोटरीएवढं.
ती मोजत होती म्हणून कुणी रडलं नाही.
मी तेव्हा काय शिकवत होते, आठवत नाही.

न्हानूकाका कोळंबकरांनी पगार आणली.
आमच्याकडे छोट्या होडीला पगार म्हणतात.
दुसरा पगार तेव्हा चार महिने आला नव्हता.
पाच खेपा. शेवटच्या खेपेला मी.
वल्हं मारता मारता, माझ्याकडे न बघता :
"बाई, मुंबयच्या वेळार हयचा पाणी चालणा नाय.
तिथीची पावणपट करूची. आज बीज,
म्हणजे दीड वाजता भरती.
ह्या तुमच्या बुकात नाय?"

नव्हतं.
बी.एड.ला मला पहिला वर्ग होता.

मग सहा महिने नुसते नकाशे.
दिवाळी सरल्यावर मीच पुन्हा गेले हेडसरांकडे,
काखेत पंचांग.
त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

ताई पुण्याहून विचारते, अजून पर्मनंट नाही?
तिच्या ओळखीचे कॅम्पवाले तिप्पट देतात,
मुलांना दोरावरून लोंबकळवायचे.
तसा वाईट धंदा नाही.
मी दोनदा अर्जही लिहिला होता.

पण डिसेंबर आला की पाचवीचा एक उपक्रम असतो :
कुंपणाबाहेरच्या सुरूपासून
भरतीच्या रेषेपर्यंत पावलं मोजायची.
वहीत आकडा, शेजारी पावलं कुणाची तेही,
कारण गौरांग ढांगा टाकतो
आणि शमिका चवड्यांवर चालते.
बासष्ट. साठ. सहासष्ट (ही शमिका). चोपन्न.
वादळाच्या साली एकदम एकोणचाळीस.

ही वही दाखल्याला जोडली तर चालेल का, विचारलं.
क्लार्क म्हणाले, झेरॉक्स द्या.

यंदा सुरू आडवा झालाय, मुळं पाण्यात.
मुलं रांगेत उभी, कुणाची पावलं याची चिठ्ठीही काढून झालेली.
आता शून्य कुठे धरायचं, मी विचारलं.
कुणी बोलेना.
मग एक नवी मुलगी, जिचं नाव अजून
माझ्या तोंडी बसलेलं नाही,
म्हणाली, बाई,
शाळेच्या पायरीपासून धरूया.